न मोजलेले पाणी

“दादा, खबऱ्या काय म्हणतो?”

चहाचा कप माझ्या हातात देताना चारुता रोज हाच प्रश्न विचारी, आणि मी गळ्याच्या हाडाखाली बसवलेल्या नखाएवढ्या चकतीवर बोट ठेवून रोज एकच उत्तर देई, “झोपलाय.” मग ती आपल्या मनगटावरचा पट्टा कानाशी नेऊन ऐकल्याचे सोंग करी आणि म्हणे, “घोरतोय मेला.” जुने विनोद घरातल्या जुन्या भांड्यांसारखे असतात. त्यांचा आवाज कानावर आला की घर आपल्या जागी आहे असे वाटते.

त्या सकाळी तिने विचारलेच नाही. कप ठेवला आणि खिडकीतून खाडीकडे बघत म्हणाली, “जॉइनिंग आलं.”

“कधी?”

“पंधरवड्यानंतर. कोचीला जहाजावर चढायचं, तिथून ब्राझील. तिसरी अधिकारी.” शेवटचे दोन शब्द तिने इतक्या हळू उच्चारले, जणू ते उसने आणले होते. “आठ महिने.”

मी म्हणालो, “अभिनंदन, साहेब.”

ती हसली नाही. “खबऱ्या एकट्याने तुला सांभाळेल अशी खात्री असेल तरच जाईन. नाहीतर हे पत्र मी नाकारीन, आणि नाकारलं तर कंपनी पुन्हा विचारणार नाही. उगाच मोठेपणा करू नकोस, दादा. खरं काय ते सांग.”

आमचे आईबाबा आता नाहीत. बाबा जहाजावर होते. चारुताच्या हातात लहानपणापासून त्यांचे जुने होकायंत्र असे, माझ्या हातात पुस्तक. सहा वर्षांपूर्वी, ती अधिकाऱ्याची परीक्षा देऊन घरी आली होती तेव्हा, मी परसातल्या कलमावरून पडलो. देवगडच्या बाजूला आंब्यावरून पडलेला माणूस ही काही नवी बातमी नव्हे. माझी मान वाचली, हात वाचले, आवाज वाचला. छातीच्या मध्यापासून खालचा सारा प्रदेश माझ्यापासून तुटला.

लोकांना वाटते की हे दुःख न चालता येण्याचे आहे. न चालण्याची सवय होते. सवय होत नाही ती न कळण्याची. पहिल्याच वर्षी खुर्चीवरून पलंगावर सरकताना घोट्याचे हाड मोडले, आणि पाय सुजून पायमोजा चढेना तेव्हा ते आम्हाला समजले. दुसऱ्या वर्षी बैठकीखाली दाबाची जखम झाली. तिच्या पायी मी एक पूर्ण पावसाळा पालथा पडून काढला आणि जमिनीवरच्या फरशांची ओळख करून घेतली. लघवीतला जंतुसंसर्ग पाहुण्यासारखा येई, पण जाताना मूत्रपिंडाचे थोडे काहीतरी घेऊन जाई. हाडे ठिसूळ होत गेली, सांधे आखडत गेले. एक अपघात एका क्षणात संपला होता. दुसरा, संथ, दररोज चालूच होता.

आणि या सर्वांच्या वर होते ‘उधाण’. डॉक्टरांकडे त्याला लांबलचक नाव आहे. घरात आम्ही उधाणच म्हणतो. मूत्राशय भरले, की ते आपली तक्रार मज्जारज्जूतून वर पाठवते. माझ्यात ती तक्रार तुटलेल्या जागेपाशी अडते. मेंदूपर्यंत पोचत नाही, पण विरतही नाही. खालच्या मज्जारज्जूला ती ऐकू येते, आणि तो घाबरून, वरून हुकूम यायची वाट न पाहता, पोटातल्या आणि पायांतल्या रक्तवाहिन्या आवळून धरतो. रक्तदाब चढू लागतो. मेंदूला फक्त हा चढलेला दाब जाणवतो. तो हृदयाला सावकाश चालायला सांगतो आणि वाहिन्यांना सैल होण्याचा आदेश पाठवतो. पण तो आदेशही त्याच तुटलेल्या पुलापाशी अडतो. खालून तक्रार वर जात नाही, वरून दिलासा खाली येत नाही, आणि मधल्या मधे डोक्यातली एखादी रक्तवाहिनी फुटू शकते. कारण काय, तर वेळेवर न घातलेली नळी, किंवा विजारीची एक घडी.

खबऱ्या आला तो दोन वर्षांपूर्वी, या दोन काठांच्या मधे. कोल्हापूरच्या एका संशोधन केंद्रात डॉ. खानविलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ पट्टी तयार केली होती. जखमेच्या खाली, मज्जारज्जूवर ती अंथरायची. खालून येणारी प्रत्येक तक्रार ती टिपते. बरगडीखाली बसवलेला लहानसा गणक तिचा अर्थ लावतो आणि गळ्याखालच्या चकतीवर, जिथे मला अजून स्पर्श कळतो तिथे, ठोके देतो. दोन संथ ठोके म्हणजे मूत्राशय. एक लांब घरंगळता ठोका म्हणजे बैठक बदल. जलद, न थांबणारे ठोके म्हणजे उधाण. तेच ठोके जवळच्या माणसाच्या पट्ट्यावरही उमटतात. प्रत्येकाच्या मज्जारज्जूची बोली वेगळी असते, म्हणून प्रत्येक गणकाला ती नव्याने शिकावी लागते, आणि तो शिकतो घडलेल्या प्रसंगांवरून.

शस्त्रक्रियेच्या दिवशी शेजारचे आबा गुरव आमच्याबरोबर कोल्हापूरला आले होते. रवळनाथाच्या देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे आहे. मला आत नेताना त्यांनी रुग्णालयाच्या मार्गिकेतच हात जोडले आणि सुरू केले, “बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज ह्या मयेकराच्या झिलाच्या पाठीत जा काय बसवतत, ता सरळ चलांदे, म्हाराजा! त्येच्या आंगाची गाऱ्हाणी वरपर्यंत पोचांदेत, म्हाराजा!” गावात अशा प्रत्येक वाक्यामागून साऱ्या जमावाचा होकार उठतो. तिथे एकटी चारुता होती. ती पहारेकऱ्याकडे न बघता खणखणीत आवाजात म्हणाली, “व्हय म्हाराजा!” भूल चढताना मी ऐकलेला तो शेवटचा आवाज.

*

“उत्तम,” पडद्यावर डॉ. खानविलकर म्हणाल्या. चारुता माझ्या खुर्चीमागे उभी होती. “दोन वर्षांत मोठा इशारा एकही नाही आणि चुकलेला एकही प्रसंग नाही. आमच्या सगळ्या रुग्णांत मिहीरच्या यंत्राचा निकाल पहिल्या क्रमांकाचा आहे. चारुता, तू निर्धास्त जा.”

चारुताने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात हलका झाला होता. इतक्या वर्षांत प्रथमच त्या हाताला वजन नव्हते, आणि त्या हलकेपणानेच मला कळले की आजवर तो किती जड होता.

दुपारी मी कामाला बसलो. बंदर खात्यासाठी मी घरूनच सागरी नकाशे दुरुस्त करतो. माणसाविना चालणाऱ्या लहान होड्या खाड्यांची तोंडे मोजत फिरतात, आणि त्यांनी पाठवलेल्या खोलीच्या आकड्यांतले खोटे आकडे वेगळे काढायचे, हे माझे काम. नकाशावर मधेच कोऱ्या जागा असतात. नवखा माणूस त्या जागेला खोल पाणी समजतो. बाबा सांगायचे, कोऱ्या जागेत खडक नाही असा त्याचा अर्थ नव्हे. तिथे अजून कुणी मापाचा दोर सोडून पाहिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

असाच एक कोरा तुकडा मी पडद्यावर मोठा करून पाहत होतो, आणि माझा हात थांबला.

दोन वर्षांत एकही मोठा इशारा नाही. का नाही? कारण पहिले दोन ठोके पूर्ण होण्याआधीच चारुता दारात उभी असे. पुढे पुढे तर ती ठोक्यांचीही वाट पाहीनाशी झाली. गजर लावून नळीची वेळ पाळायची, गप्पा मारता मारता माझ्या खुर्चीची पाठ कलती करायची, विजारीच्या घड्या तळहाताने पुसून काढायच्या. तिने माझ्या शरीराला एकही तक्रार शेवटपर्यंत करू दिली नव्हती. मग यंत्र शिकले होते काय? भरत आलेल्या मूत्राशयाची पहिली कुजबुज, आणि नंतरची शांतता. त्याच्या पुढचे सारे पाणी न मोजलेले होते. पहिला क्रमांक यंत्राचा नव्हता, चारुताचा होता. आणि ती ब्राझीलला चालली होती.

मी एकट्यानेच डॉक्टरांना पुन्हा फोन लावला. सारे ऐकून त्या यंत्राच्या नोंदी तपासू लागल्या. पलीकडे कळफलकाचा आवाज येत होता.

“तुझं बरोबर आहे,” त्या शेवटी म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातून सकाळचे ‘उत्तम’ निघून गेले होते. “वरच्या टप्प्याचा एकही नमुना नाही. त्या टप्प्यासाठी ते दुसऱ्या रुग्णांच्या सरासरीवर चाललंय. सरासरी तुझ्या बाबतीत लागू पडेल, किंवा इशारा उशिरा येईल.”

“किती उशिरा?”

“तेच तर माहीत नाही. मिहीर, यावर उपाय आहे. रुग्णालयात, औषधं हाताशी ठेवून, ते प्रसंग मुद्दाम घडवून यंत्राला शिकवता येतात. पण त्याला समितीची परवानगी लागते. काही महिने जातील. तोवर बहिणीला थांबव.”

‘तोवर बहिणीला थांबव.’ हे वाक्य सहा वर्षे आमच्या घरात वेगवेगळ्या कपड्यांत वावरत होते. ती पुढच्या प्रशिक्षणाला जाणार होती तेव्हा माझी जखम चिघळली. एका जहाजाने तिला बोलावले तेव्हा मी तापाने फणफणलो. मी तिला कधीच थांबवले नव्हते. माझ्या शरीराने थांबवले होते, माझ्या अपरोक्ष, जणू ते तिच्या बाजूचे होते आणि माझ्या विरुद्ध.

मी डॉक्टरांना ‘बरं’ म्हणालो. आणि मनात ठरवले की दोर मीच सोडायचा.

*

“तू नसताना मला जमतं का, ते बघायला नको?” मी चारुताला म्हणालो. “बुधवारी तुला देवगडला दाताच्या डॉक्टरकडे जायचंच आहे. जाताना पट्टा काढून जा. रंगीत तालीम.”

तिने माझ्याकडे पाहिले. “नळी वेळेवर घालशील?”

“सहा वर्षं कोण घालतंय? मीच ना?”

“आठवण कोण करतंय?”

“ती खबऱ्या करील. तोच तर पगार घेतो.”

बुधवारी सकाळी तिने पट्टा काढून दिनदर्शिकेच्या खिळ्याला अडकवला, पिशवी घेतली आणि उंबऱ्यात घुटमळली. “उगाच पुस्तकात डोकं घालून बसू नकोस.” मग फाटक वाजले.

मी तयारी केली. खुर्ची ताठ केली, कारण उधाणात आडवे पडणे घातक असते. मांडीवर ट्रे ठेवला. त्यात नळी, बधिर करणारे मलम, हातमोजे. बाजूला दाबमापक. चकती दाबली की यंत्रात खूण नोंदली जाई, ‘आता इथे हे घडले’ अशी. प्रत्येक लक्षणाला खूण करायची, आणि ठरलेल्या मर्यादेला पोचताच नळी घालून मोकळे व्हायचे. कागदावर हे सोपे होते. मी भरपूर पाणी प्यायलो आणि वाट पाहू लागलो.

स्वतःच्या शरीराची अशी वाट पाहणे विचित्र असते. ते समोर, गुडघ्यांवर चादर घेऊन, एखाद्या मुक्या नातेवाइकासारखे बसलेले, आणि आपण त्याच्या मनात काय आहे याचा अंदाज घेत. गळ्याखाली दोन संथ ठोके पडले. मी हललो नाही. पुन्हा दोन. मी हललो नाही. आणि मग खबऱ्या गप्प झाला. त्याला या पुढचे काही ठाऊकच नव्हते.

प्रथम दंडांवर काटा आला. मी खूण केली. मग कपाळावर आणि वरच्या ओठावर घाम फुटला, नाक चोंदले. खूण केली. दाबमापकावरचा आकडा चढला होता. तरीही चकती शांत. मग डोक्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी आतून दार ठोठावू लागले. ती डोकेदुखी नव्हे. ती आत कोंडलेल्या माणसाची धडक असते. मी खूण केली आणि ठरवले, पुरे. नळीकडे हात नेला.

त्याच क्षणी माझे पाय उसळले. उधाणात स्नायूंना असा झटका येतो हे मला ठाऊक होते, पण तो प्रसंग चारुताने कधी येऊच दिला नसल्यामुळे मी ते विसरलो होतो. दोन्ही गुडघे एकदम वर आले, ट्रे उलटला, नळी फरशीवरून घरंगळत पलंगाखाली गेली. मी खाली वाकणार होतो. वाकलो असतो तर डोक्यातला दाब आणखी चढला असता, हे त्या घुमणाऱ्या डोक्यालाही समजत होते. डोळ्यांसमोर खिडकी दुहेरी दिसू लागली. दोन खाड्या, त्यांवर दोन होड्या. फोन टेबलावर होता, हाताच्या अंतरावर, पण कुठल्या टेबलावर ते मला ठरवता येईना.

तेव्हा कुठे, उशिरा, फार उशिरा, चकतीवर ते जलद ठोके सुरू झाले. खबऱ्याला शेवटी समजले होते.

फाटक इतक्या जोरात उघडले की ते भिंतीवर आपटले.

“ताठ बस! डोकं वर!” चारुता. तिने माझ्या कमरेचा पट्टा सैल केला, माझ्या पायांतल्या चपला काढून फेकल्या, कपाटातून दुसरी नळी काढली. तिचे हात नेमके चालत होते. फक्त ओठ पांढरे पडले होते. “मलम लावतेय. घट्ट झालंय, जात नाहीये... जरा थांब, जरा थांब... गेली.” मग पिशवी भरत जाण्याचा आवाज, आणि डोक्यातले ते दार हळूहळू ठोठावायचे थांबले. ती एका हाताने माझे कपाळ पुसत होती आणि दुसऱ्या हाताने दाबमापक धरून आकडा उतरताना मोठ्याने वाचत होती. तिला माझ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी ते ऐकायचे होते.

दारात आबा गुरव धापा टाकत उभे होते. “जित्तो आसा मां गो?”

“आहे,” चारुता म्हणाली. “आता मारणारेय मी त्याला.”

*

खिळ्याला अडकवलेला पट्टा जुना होता. त्याची बॅटरी केव्हाच संपलेली. खरा पट्टा तिच्या पायात, मोज्याखाली होता. ती देवगडला गेलीच नव्हती, आबांच्या ओसरीवर बसून राहिली होती.

“खोटारड्या,” ती म्हणाली.

“तूही.”

“मी जगवायला खोटं बोलले. तू मरायला.”

“मरायला नाही गं.” मी पडद्याकडे बोट केले. त्यावर तो खाडीचा नकाशा अजून उघडा होता. “हे कोरं बघ. तू इथून जहाज नेशील?”

तिने नकाशा पाहिला, मग मला. ती खलाशाची मुलगी होती आणि स्वतः अधिकारी. तिला अधिक सांगावे लागले नाही. ती हळूहळू पलंगाच्या कडेवर बसली. “म्हणजे इतके दिवस... मी त्याला शिकूच दिलं नाही.”

“तू मला दुखू दिलं नाहीस.”

“तेच म्हणतेय मी.” तिने तळहात डोळ्यांवर दाबले. “मग नाही जात मी. विषय संपला.”

“आणि मी? प्रत्येक जहाज जाताना बघत, त्यावरून तू माझ्यामुळे उतरलीस हे मोजत बसू?”

आबा मधेच म्हणाले, “गाऱ्हाणा घालतला त्येका आधी पुरा बोलांदेत गो. मधीच व्हय म्हणून उठला, तर देवाक तरी काय समजतला?”

कुणीच हसले नाही. पण ते वाक्य खोलीत राहिले.

संध्याकाळी मी डॉक्टरांना सारे सांगितले. त्या संतापल्या, आणि तो संताप मला योग्यच वाटला. “तू गेला असतास तर यंत्र एक गोष्ट शिकलं असतं, आणि ती कुणाच्याच उपयोगाची नसती.” मग त्यांचा स्वर उतरला. “चूक माझीही आहे. शांतता पाहून मी यशाचा शिक्का मारला. आता धोका दिसलाय, तर समितीकडून तातडीची परवानगी मागते. पण एका मापाने काही होत नाही.”

“एका मापाने नकाशा होत नाही,” चारुता शेजारून म्हणाली.

परवानगी आली. आठवड्याभरात कोल्हापूरच्या एका लख्ख उजेडाच्या खोलीत, दाब उतरवणारे औषध हाताशी, यंत्रांच्या तारा दंडाला, असे ते प्रयोग झाले. डॉक्टरांनी चारुताला खोलीत बसू दिले, एका अटीवर. त्या सांगेपर्यंत तिने जागेवरून हलायचे नाही. कारण खबऱ्याने तिचीही सवय शिकून ठेवली होती. खुर्ची कलली, घडी पुसली गेली, की त्याच्या हिशेबी संकट टळलेले असे.

त्या खोलीतले बाकी सारे माझ्या स्मरणात पुसट झाले आहे. एक चित्र तेवढे राहिले. माझ्या कपाळावर घाम फुटतो आहे, दंडांवर काटा उभा राहिला आहे, आणि समोरच्या खुर्चीत माझी बहीण स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली आहे. एकदा तिचा उजवा हात सुटला, हवेत उठला, आणि तिने डाव्या हाताने त्याला धरून पुन्हा खाली ओढले, उनाड मुलाला ओढावे तसे. ती माझ्याकडे बघत होती. पापणीही लववत नव्हती. सहा वर्षे तिने माझ्यासाठी जे जे केले, त्या सर्वांहून हे न करणे अवघड होते. डॉक्टर ‘आता’ म्हणाल्या तेव्हा ती उठू शकली नाही. तिचे हात मुंग्या येऊन बधिर झाले होते. नर्सने नळी घातली. चारुता नुसती आपल्या हातांकडे पाहत राहिली. न जाणवणारे हात म्हणजे काय, हे तिला त्या घटकेपुरते समजले असावे.

दर खेपेला जलद ठोके थोडे आधी येऊ लागले. शेवटच्या दिवशी ते दंडांवर काटा येण्याच्याही आधी आले.

निघताना मी डॉक्टरांकडे एक मागणे मागितले. “ज्याचा अर्थ याला लागत नाही, तेव्हा हे गप्प बसतं. तसं नको. त्यासाठी वेगळा ठोका द्या.”

“म्हणजे यंत्राला ‘मला माहीत नाही’ म्हणायला शिकवायचं?”

“आमच्या नकाशांना येतं ते.”

त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतले. एक ठोका, मग विराम, मग पुन्हा एक. अनोळखी माणसाने दार वाजवावे तसा.

*

जाण्याच्या आदल्या दिवशी चारुता म्हणाली, “आता खात्री आहे?”

मी म्हणालो, “काही होणार नाही, असं मी म्हणणार नाही. मूत्रपिंडं थकतील, हाडं कुरकुरतील, एखादी जखम येईलच. पण खबर मिळेल. आणि जिथे याला कळत नाही, तिथे कळत नाही असं तरी कळेल. तेवढ्यावर जहाजं चालतात.”

“पहिल्यांदाच खरं बोललास,” ती म्हणाली, आणि बॅग बंद केली.

चालू पट्टा तिने आबांच्या मनगटावर बांधला. आबांनी तो उलटसुलट करून पाहिला. “वेळ दाखवणा नाय मां ह्या?”

“नाही आबा. दादाचं दुखणं दाखवतं.”

“मगे बरा. वेळ माका ठावक आसा.”

जुना, मेलेला पट्टा तिने स्वतःच्या हातात चढवला. मी म्हणालो, “तो बंद आहे गं.”

“माहितेय. वजनाची सवय झालीय.”

रिक्षा वळणाआड गेली तेव्हा मी हात हलवला नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. नाहीतर त्यांनी तिला परत बोलावले असते.

*

ती गेल्यावर कलमे मोहरली. एका दुपारी मी प्रथमच खुर्ची परसात नेली, त्या झाडाखाली. सहा वर्षे मी त्याच्याशी अबोला धरला होता. सावली होती तशीच होती. झाडाला माझी काही आठवण असल्याचे दिसले नाही. मी डोके मागे टेकले आणि ज्या फांदीवरून पडलो ती शोधत राहिलो. चारुताचे जहाज त्या घटकेला कुठल्यातरी महासागराच्या मधोमध होते, जिथे तळाचे आकडे फार विरळ असतात.

चकतीवर एक ठोका पडला.

मग विराम. मग पुन्हा एक.

 मूत्राशय? नळी नुकतीच घातली होती. बैठक? मी हातांनी अंग उचलून बसलो. ठोका थांबला नाही. विजार सपाट केली. एक, विराम, एक. मानेवर केस उभे राहू लागले होते. घरात मी एकटा, परसात मी एकटा, आणि माझ्याच मुलखातून कुणीतरी असे काही सांगत होते जे आजवर कुणीच ऐकले नव्हते.

दगडी गडग्याच्या कुंपणापलीकडून आबांचा आवाज आला, “मिहीरा! माझ्या हातार कोण टकटकता रे? येव मां?”

“थांबा आबा! बघतोय!”

मी स्वतःला सांगितले, घाई करू नकोस, पूर्ण ऐक. मग वरपासून सुरुवात केली. कंबर, मांड्या, गुडघे. उजव्या पायाची विजार वर ओढली. घोट्यापासून पोटरीपर्यंत तांबड्या मुंग्यांची रांग चढली होती, आंब्यावर पानांची घरटी शिवणाऱ्या ओंबिलांची, आणि जिथे जिथे त्या चावल्या होत्या तिथे लाल गांधी उठल्या होत्या. माझा पाय आगीत होता, आणि मी मोहर बघत होतो.

मी एकेक मुंगी वेचून काढली, पाणी ओतले, त्वचा कोरडी केली. मानेवरचे केस बसले. ठोके विरळ झाले आणि थांबले. त्या गांधींवर मी बोटे ठेवली. बोटांना त्यांची ऊब कळली. पायाला बोटे कळली नाहीत. तरीही, पडल्यानंतर पहिल्यांदाच, आम्हा दोघांचे बोलणे झाले होते, मधे कुणी न उठता.

“काय रे ता?” आबा ओरडले.

“ओंबील, आबा! पायाला डसले!”

“मगे बोंबलणास कित्या नाय?”

“तो बोंबलला ना!”

मी चकतीवर बोट ठेवले, आणि खालच्या त्या प्रदेशाला, फक्त त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू, उत्तर दिले, “व्हय म्हाराजा.”